पिवळ्या गळ्याचं सिलेंडर

फ्रिज थंड करेनासा झाला की लोक म्हणतात, गॅस संपला. एक्केचाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि एक्केचाळीस वर्षं ते दुरुस्त करत आलो. स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तो जळतो. फ्रिजमधला गॅस जळत नाही, झिजत नाही. कारखान्यात भरला तेवढाच तो नळ्यांमधून फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि मागच्या काळ्या जाळीवर आणून टाकतो. नळीला कुठे बारीक भोक पडलं तरच तो कमी होतो. म्हणजे गॅस संपत नाही, जातो. जातो कुठे, असं विचारणारं गिऱ्हाईक मला पहिली अठ्ठावीस वर्षं भेटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही कधी विचारलं नाही.

माझं दुकान मंगरूळपीरला, बसस्टँडकडून दर्ग्याकडे जाताना उजव्या हाताला होतं. गुडघे गेले, दुकान गेलं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण अजूनही रस्त्यात कोणी भेटलं की फ्रिजची तक्रार सांगतो आणि मी उभ्याउभ्या निदान करतो. सांगायला अभिमान वाटतो, दहापैकी नऊ बरोबर निघतात. त्यात माझी हुशारी थोडी आणि लोकांचा स्वभाव जास्त. आमच्या भागात फ्रिजला भोक पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे खुरपं. बर्फाच्या खान्यात बर्फ साचला की तो वितळायची वाट बघायला कोणाला वेळ नसतो. बाई सुरी घेते, बाप्या पेचकस घेतो आणि शेतावरून आलेला असेल तर हातातलं खुरपंच चालवतो. खान्याच्या पातळ पत्र्यातच नळी असते. कामरगावच्या एका मास्तरांनी एकाच फ्रिजला तीन उन्हाळ्यांत तीन भोकं पाडली आणि तिन्ही वेळा मला म्हणाले, कंपनी खराब आहे.

कॉम्प्रेसर, म्हणजे फ्रिजच्या मागे खाली बसलेलं ते काळं मडकं, जळालं तर मात्र गॅस आत शाबूत असतो. नवं मडकं बसवायचं तर आधी जुना गॅस काढावा लागतो. आमची रीत सोपी होती. नळी कापायची. फस्स असा आवाज येई. तो थांबेपर्यंत माझा तंबाखू मळून होत असे. ना वास, ना रंग, ना आगीची भीती. मग वेल्डिंग करायचं, थोडा नवा गॅस सोडून नळ्या धुवायच्या, तोही फस्स, आणि शेवटी हाताने नळी चाचपत अंदाजाने भरायचा. उस्तादांनी मला असंच शिकवलं होतं आणि मी पुढे आठ जणांना असंच शिकवलं.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी सरकारी प्रशिक्षणाचं पत्र आलं. अकोल्याला, दोन दिवस, जेवणासह. कामरगावचे रशीदभाई आणि मी असे दोघे गेलो. रशीदभाई माझ्याच वयाचे, माझ्याच उस्तादांकडे शिकलेले. मला कामात तोडीस तोड आणि बोलण्यात दोन पावलं पुढे. आम्हाला वाटलं होतं, नवी हत्यारं दाखवतील आणि सर्टिफिकेट देऊन घरी पाठवतील. पण शिकवायला जे वयस्क सर आले होते त्यांनी हत्यारांना हात लावण्याआधी फळ्यावर पृथ्वी काढली.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या डोक्यावर खूप उंच ओझोनचा थर आहे, तो उन्हातला वाईट भाग अडवतो. जुन्या फ्रिजमधला गॅस वर गेला की वर्षानुवर्षं तो थर खात बसतो. म्हणून जगातल्या सगळ्या सरकारांनी मिळून तो बंद केला. नंतर दुसरा गॅस आला. तो थर खात नाही, पण पृथ्वी तापवतो. आता तिसरा येऊ घातलाय, तो यातलं फारसं काही करत नाही, फक्त पेटतो. कारखान्यांना नियम घालता येतात, सर म्हणाले, पण लोकांच्या घरात जे जुने फ्रिज आहेत त्यांच्या नळ्या कापणारे तुम्ही आहात. तुम्ही हवेत सोडला तर कायदा गेला वाया.

परतीच्या बसमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. एका फ्रिजमध्ये गॅस असतो चहाच्या पेल्याएवढा, शंभर-सव्वाशे ग्रॅम. महिन्याला आठ-दहा फ्रिज, अठ्ठावीस वर्षं. निम्मे आधीच गळालेले धरले तरी दीड क्विंटल निघाला. एवढा मी एकट्याने वर पाठवला होता, तंबाखू मळत मळत. मी वही रशीदभाईंपुढे धरली.

ते म्हणाले, "म्हंजे आभाळाले भोक आपनच पाडलं का भाई? आन् उस्ताद तर लय नेक आदमी होते."

मला हसू आलं नाही. त्यानंतर तो फस्स आवाज मला सहन होईना, हे मी सरळ कबूल करतो. ज्या आवाजावर इतकी वर्षं पोट भरलं, तोच आवाज.

प्रशिक्षणात प्रत्येक दुकानाला एक यंत्र मिळालं होतं आणि एक सिलेंडर. यंत्र गॅस ओढून घेतं आणि सिलेंडरात कोंबतं. सिलेंडर करड्या रंगाचं, वरचा गळा पिवळा, म्हणजे यात वापरलेला गॅस आहे हे कोणालाही कळावं. गळ्यावर रिकाम्या सिलेंडरचं वजन कोरलेलं. भरलं की या नंबरवर कळवा, आम्ही येऊन नेऊ, गॅस शुद्ध करून पुन्हा वापरू, असं सांगितलं होतं. आणि एक गोष्ट सरांनी तीनदा बजावली होती: एका सिलेंडरात एकच गॅस. दुसऱ्या गॅससाठी दुसरं सिलेंडर पुढच्या टप्प्यात येईल.

पहिला गॅस मी धनजच्या कांताबाईंच्या फ्रिजमधून पकडला. कांताबाई आणि त्यांचे यजमान देवीदास, दोघं भाजीचा मळा करतात. वांगी, मेथी, कोथिंबीर, सगळं बाजारात जातं. फ्रिज भावाने दिलेला जुना होता, कॉम्प्रेसर जळाला होता. मी यंत्र लावलं आणि दहा मिनिटांत लाइट गेली. उन्हाळा होता. देवीदास म्हणाले, "सोडून द्या ना भाऊ, कायले बसता?" मी म्हटलं, बसतो. आणि मग कांताबाईंना वेळ घालवायला म्हणून ती पृथ्वी, तो थर, ते सगळं सांगितलं. त्यांनी माठातलं पाणी दिलं, वांग्याची भाजी आणि भाकर वाढली आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग पकडाच तो," त्या म्हणाल्या. "ऊन आदीच लय वाढून राह्यलं. रोपं उभी जळतेत. आमच्या घरचा गॅस नोका जाऊ देऊ वरते."

दोन तासांनी लाइट आली, मी पेलाभर गॅस पकडला आणि कांताबाईंना सिलेंडर हलवून दाखवलं. मी शब्द दिला की तुमचा गॅस आता कुठेही जाणार नाही. त्या फ्रिजला नवं मडकं बसवणं त्यांना पुढे परवडलं नाही. तो अजून त्यांच्या घरात आहे, आत वांग्याचं आणि मेथीचं बी ठेवतात, उंदीर पोचत नाहीत म्हणून.

मग मी त्या सिलेंडरच्या मागेच लागलो. दुकानात येणाऱ्या फ्रिजमधून पेलापेला करून भरायला किती वर्षं लागतील म्हणून भंगारवाल्या बबनकडे जायला लागलो. दिवाळीच्या आधी लोक घरं झाडतात, जुने फ्रिज निघतात, बबनकडे रांग लागते. तो घण घालून नळ्या तोडायचा, तांबं वेगळं, पत्रा वेगळा. मी त्याला म्हटलं, घण घालण्याआधी मला अर्धा तास दे. तो म्हणाला, "भाऊ, तुमी हवा गोळा करून राह्यले का?" पण द्यायचा. माझी बायको सुमन म्हणायची की बाकीच्यांच्या नवऱ्यांना दारूचं व्यसन असतं, माझ्या नवऱ्याला फ्रिजच्या उसाशाचं. रशीदभाईंनी तिकडे त्यांच्या यंत्राला स्प्रेची बंदूक जोडून जुने फ्रिज रंगवायला सुरुवात केली होती. रंग मात्र फार सुरेख बसायचा, हे खोटं बोलता येणार नाही.

आणि मग माझी चूक. ती मी कोणाच्या माथी मारणार नाही.

दुसरं सिलेंडर आलंच नाही. पुढचा टप्पा कधी, म्हणून मी सहा महिने फोन केले. तोवर जुन्या गॅसचे फ्रिज कमी होत गेले आणि दुसऱ्या गॅसचेच जास्त यायला लागले. एकदा एका डॉक्टरांच्या दवाखान्यातला खिडकीचा एसी काढला, त्यात या दोन्हींहून वेगळाच गॅस, आणि तो पाऊण किलो. एवढा गॅस डोळ्यादेखत सोडून द्यायचा? आमच्याकडे गावातल्या डेअरीत सगळ्या घरचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात. म्हशीचं, गाईचं, पाणी घातलेलं, न घातलेलं, सगळं एक होतं आणि पुढे कारखान्यात ते काय वेगळं करायचं ते करतात. मी म्हटलं, गॅसचंही तसंच असेल. पकडणं महत्त्वाचं, निवडणारे पुढे आहेत. सरांनी तीनदा बजावलेलं मला आठवत होतं. तरीही मी त्याच सिलेंडरला नळी जोडली, आधी दुसऱ्या गॅसच्या फ्रिजची आणि मग या एसीची. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी फार मोठं काम केलं.

सिलेंडर भरायला सात वर्षं लागली. देवीदासांच्या भाजीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी ते तोललं. कोरलेलं वजन वजा जाता नऊ किलो चारशे. कांताबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं, मी नको नको म्हणत असताना.

दिलेल्या नंबरवर फोन लावला. तो आता एका खानावळीवाल्याचा होता. त्याने मला जेवणाचे दर सांगितले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. एका कार्यालयाने सांगितलं, हे प्रदूषणवाल्यांचं. त्यांनी सांगितलं, हे उद्योगवाल्यांचं. तिथल्या बाबूंनी चष्मा वर करून विचारलं, "हे भरलेलं हाये ना? मंग रिकामं करून आना, भरलेलं आत आनता येत नाई." मी त्यांना समजावलं की भरलेलं आहे म्हणूनच आणलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. मी चिडलो, आवाज चढवला, आणि त्याने काहीही झालं नाही. असं वर्ष-दीड वर्ष गेलं. लोकांना गॅस हवेत सोडू नका म्हणून सांगणारी कागदं त्याच इमारतीच्या भिंतीवर लावलेली होती.

शेवटी एका गॅसविक्रेत्याने नागपूरकडचा पत्ता दिला. तिथे औद्योगिक वसाहतीत जुना गॅस शुद्ध करतात. एसटीत सिलेंडर घेऊ देईनात. देवीदासांनी भाड्याने केलेला टेम्पो तिकडे भाजी घेऊन जाणार होता, त्यात वांग्यांच्या कॅरेटमध्ये ते उभं बांधलं आणि मी मागे त्याला धरून बसलो.

तिथे एक तरुण मॅडम होत्या. फार नीट वागल्या, खुर्ची दिली. एक छोटं यंत्र सिलेंडरला लावलं आणि बराच वेळ त्याच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"काका, यात तीन गॅस आहेत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, पण आहेत तर सगळेच.

"मिसळलेले गॅस वेगळे करायची सोय आमच्याकडे नाही. आमच्याच काय, इकडे कुठे नाही. हा आता शुद्ध होणार नाही. मोठ्या भट्टीत जाळून नष्ट करावा लागेल, आणि एका सिलेंडरसाठी ती भट्टी कोणी तुम्हाला मिळवून देणार नाही."

मी विचारलं, मग याचं करू काय?

त्यांनी यंत्राची नळी काढून घेतली. मग म्हणाल्या, "हवेत मात्र सोडू नका, प्लीज." त्यांच्या तोंडून ते निघालं आणि त्यांनाच वाईट वाटलं, हे मला दिसलं. मी सिलेंडर परत टेम्पोत चढवलं. येताना कॅरेट रिकामी होती, ते इकडून तिकडे आपटत होतं आणि मी ते पायाने अडवत होतो. एवढ्या वर्षांत माझं एकही काम असं वाया गेलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. सिलेंडर घरी जिन्याखाली ठेवलं. दर शनिवारी साबणाचा फेस लावून बघायचो. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर वरच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी एक बुडबुडा आला. अगदी बारीक, मोहरीएवढा, फुगायचा आणि फुटायचा. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या फ्रिजची अशी भोकं शोधली आणि बुजवली. हे बुजवायचं तर व्हॉल्व्ह बदलायला हवा, आणि व्हॉल्व्ह बदलायचा तर सिलेंडर रिकामं करायला हवं. गॅस काढून ठेवायला दुसरं सिलेंडर हवं, जे पुढच्या टप्प्यात येणार होतं.

मी कामरगावला रशीदभाईंकडे गेलो. त्यांनाही एक मिळालं होतं. ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले. त्यांनी सिलेंडर मधून कापून त्याची शेगडी केली होती, खाली जाळी बसवली होती, पिवळा रंग अजून थोडा दिसत होता. भाभी त्यावर पाणी तापवत होत्या.

"कसम से, मले माहीत असतं तर ठेवलं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "भाई, बुरा नको मानू. म्या पयल्याच दिवशी सोडला. तू दहा साल सांभाळून सोडून राह्यला. वरते तर दोघायचाबी पोचलाच."

रशीदभाई चेष्टा करत नव्हते. मला त्यांच्यावर रागावताही येईना. मी चहा घेतला आणि परत आलो.

मी व्हॉल्व्हला लांबी, म्हणजे पुट्टी, लावली, सायकलची ट्यूब आवळली, मेण ओतलं. बुडबुडा दुसऱ्या बाजूने यायचा. मी दर शनिवारी बघणं बंद केलं. सुमन विचारायची, आज फेस नाही केला का, आणि मी म्हणायचो, गुडघे दुखतात.

आता फ्रिजमध्ये तो पेटणारा गॅस येतो. तो चिमूटभर असतो, त्याने आभाळाचं फारसं बिघडत नाही म्हणतात, तेव्हा नवे मेकॅनिक फ्रिज अंगणात नेऊन सोडून देतात. नियम बरोबरच होते, मी त्यांच्या विरोधात नाही. मला फक्त एवढंच दिसलं की नियम कारखान्यापर्यंत नीट पोचला आणि बबनच्या घणापर्यंत येता येता त्याचा दम संपला. मधल्या रस्त्यावर माझ्यासारखे काही जण एकेक सिलेंडर घेऊन उभे राहिले असतील. ते सध्या काय करतात कोण जाणे.

या दिवाळीच्या आधी बबन फ्रिजच्या फेरीवर आला आणि जिन्याखाली बघून म्हणाला, "भाऊ, देता का ते? लोखंड चांगलं हाये." मी त्याला थांब म्हटलं आणि सिलेंडर घेऊन धनजला गेलो. देवीदास मळ्यात होते. कांताबाईंनी काटा काढून दिला. मी सिलेंडर ठेवलं. काट्यावर जो आकडा आला तो आणि गळ्यावर कोरलेला रिकाम्या सिलेंडरचा, दोन्ही एकच होते.

कांताबाईंना काटा माझ्याहून चांगला वाचता येतो. तरी त्यांनी विचारलं, "भाऊ, माया फ्रिजचा हाये ना त्याच्यात अजून?"

मी सिलेंडर काट्यावरून उतरवलं. पाना घेऊन व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि कान लावला. मग त्यांनीही वाकून कान लावला. एवढी वर्षं जो आवाज मला नकोसा झाला होता, तो त्या वेळी थोडा तरी यावा असं फार वाटलं. काहीच आलं नाही.

"गेला," मी म्हणालो.

त्या उभ्या राहिल्या, पदराने हात पुसले. मागे भिंतीला त्यांचा तो फ्रिज होता, दार दोरीने बांधलेलं, आत बियाण्याच्या पुड्या.

"मंग तुमी तवा लाइटीची वाट पाहत दोन घंटे कायले बसले होते?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

मी पाना उचलला आणि सवयीने व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बंद केला.